पार्सल कंपन्यांमध्ये व्यवस्थापन आणि कामगार यांचे नेमके कुठे बिनसते?

देवराई

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो आणि पार्सल पोहोचवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत औद्योगिक अभियंता म्हणून काम करतो. कंपनीचे नाव इथे देत नाही. ड्रायव्हरने गाडी थांबवून, पार्सल शोधून, दारात ठेवून पुन्हा गाडी सुरू करेपर्यंत किती वेळ लागावा, याची प्रमाणे ठरवणे हे आमच्या विभागाचे काम. व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील तणाव त्यामुळे रोजच डोळ्यांसमोर असतो.

चर्चेसाठी यूपीएस या अमेरिकेतल्या मोठ्या पार्सल कंपनीचे उदाहरण घेऊ या, कारण त्या कंपनीचे करार, संप आणि वाद सगळे जाहीर आहेत. १९०७ साली सिएटलमध्ये निरोप पोहोचवणारी संस्था म्हणून ती सुरू झाली. तिचे ड्रायव्हर आणि हबमधील (पार्सले वेगळी करून गाड्यांत भरण्याच्या केंद्रातील) कामगार टीमस्टर्स या युनियनचे सभासद आहेत. २०२३ च्या उन्हाळ्यात सुमारे ३,४०,००० कामगारांच्या कराराची मुदत संपत होती आणि मतदान करणाऱ्यांपैकी ९७ टक्के सभासदांनी संपाला संमती दिली होती. २५ जुलैला तडजोड झाली आणि ऑगस्टमध्ये ८६.३ टक्के मतांनी तो करार मंजूर झाला. पाच वर्षांत ताशी साडेसात डॉलरची वाढ आणि पार्ट-टाइम कामगारांना किमान २१ डॉलर, हे त्यातले मुख्य आकडे. फुल-टाइम ड्रायव्हरचा कमाल दर कराराच्या अखेरीस सरासरी ताशी ४९ डॉलरपर्यंत जातो. या धंद्यात याहून चांगला पगार मिळवणारे ड्रायव्हर क्वचितच सापडतील.

तरीही तिथला अविश्वास कमी झालेला नाही. माझे मत असे की पगाराचा प्रश्न करारात सुटतो, पण कामाचे माप कोणी घ्यायचे आणि ते चुकले तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न तसाच राहतो. सगळे भांडण या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबते. आपल्यापैकी कोणी या क्षेत्रात काम केले असेल, तर आपला अनुभव सविस्तर लिहावा ही विनंती.

उत्तररात्र

देवराई, धागा चांगला आहे, पण आपण सुरुवातच ड्रायव्हरपासून केलीत आणि बहुतेक जण तसेच करतात. तपकिरी गाडी आणि तपकिरी गणवेश लोकांना दिसतो, हबच्या आतले कामगार दिसत नाहीत. यूपीएसमधल्या टीमस्टर्सपैकी निम्म्याहून अधिक लोक पार्ट-टाइम आहेत आणि त्यांतले बहुसंख्य आत काम करतात.

शिकत असताना मी अशाच एका कंपनीत, जिचे नाव मीही घेणार नाही, पहाटेच्या पाळीत गाड्या भरण्याचे काम करत असे. पाळी पहाटे चारच्या आसपास सुरू होई. समोरून पट्टा धावत असतो, त्यावरून आपल्या गाड्यांची पार्सले ओळखून उचलायची, लेबलवरचा क्रमांक वाचायचा आणि गाडीत त्या क्रमांकाच्या फळीवर ठेवायची. एकाच वेळी तीन किंवा चार गाड्या एकाकडे. जड खोकी खाली, हलकी वर, लेबल बाहेरच्या बाजूला. पट्टा पाच मिनिटे थांबला की मागे तुंबलेला माल सुटल्यावर एकदम अंगावर येतो, आणि नेमका त्याच वेळी सुपरवायझर मागे उभा राहून ताशी किती नग झाले ते सांगतो. पट्टा का थांबला होता, याची नोंद मात्र त्याच्या कागदावर नसते. तेव्हा आपला मापाचा मुद्दा मला मान्य आहे, पण आतल्या कामगारांच्या बाबतीत पगाराचा प्रश्न सुटला आहे हे मान्य नाही.

त्याला इतिहास आहे. यूपीएसमध्ये पार्ट-टाइम कामगाराचा सुरुवातीचा दर १९८२ साली ताशी आठ डॉलर ठरला, आणि १९९७ साली संप झाला तेव्हाही तो आठच डॉलर होता. पंधरा वर्षांत भाडे, दूध, पेट्रोल सगळे वाढले आणि नव्याने लागणाऱ्याचा दर तसाच राहिला. त्या संपात १,८५,००० कामगार १५ दिवस बाहेर होते. पार्ट-टाइम नोकऱ्यांवर अमेरिकेचे भागणार नाही, ही त्यांची मुख्य घोषणा होती. लोकांची गैरसोय होत असूनही जनमत कामगारांच्या बाजूने राहिले, याचे कारण त्या काळी प्रत्येकाच्या घरात किंवा शेजारी असा एखादा अर्धवेळ राबणारा माणूस होताच. शेवटी कंपनीने अर्धवेळ जागा एकत्र करून १०,००० पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे मान्य केले. अनेक कंपन्यांच्या संयुक्त पेन्शन निधीतून बाहेर पडण्याची मागणीही तिला तेव्हा सोडावी लागली.

सागरगोटा

माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका आहे. तो सुपरवायझर स्वतः पगारी नोकरच ना? मग तो युनियनमध्ये का नसतो?

केतकीवन

सागरगोटा, अमेरिकन कायद्यानुसार सुपरवायझर हा व्यवस्थापनाचा भाग धरला जातो, त्यामुळे सामूहिक सौद्याचे, म्हणजे युनियनमार्फत एकत्र वाटाघाटी करण्याचे, संरक्षण त्याला मिळत नाही. मी काही वर्षे एका पार्सल कंपनीच्या केंद्रात सुपरवायझर होते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

सकाळी ड्रायव्हर यायच्या आधी आमची फोनवर बैठक असे. विभागप्रमुख एकेका केंद्राचे आकडे वाचून दाखवत: काल किती गाड्या बाहेर पडल्या, प्रत्येक गाडीमागे किती थांबे झाले, नियोजित वेळेपेक्षा किती तास जास्त लागले. कारण सांगायला आम्हाला वाव नसे. पाऊस होता, रस्ता खणला होता, तीन नवीन मुले होती, यातले काहीही सबब म्हणून धरले जाई. त्यानंतर आठ वाजता मी ड्रायव्हरसमोर उभी राहून आज एक गाडी कमी करतो आहोत असे सांगत असे. त्या गाडीचे थांबे उरलेल्यांच्या माथी येणार, हे त्यांनाही कळे आणि मलाही. मला मिळालेला आकडा मी ठरवलेला नसे, पण तो सांगणारे तोंड माझे असे, त्यामुळे राग माझ्यावरच निघे.

यूपीएसच्या करारात एक कलम आहे, त्यातून या नात्याची कल्पना येईल. युनियनच्या कामगाराचे काम सुपरवायझरने करायचे नाही, म्हणजे पार्सलला हातही लावायचा नाही. लावला, तर ज्या कामगाराचे काम हिरावले गेले तो तक्रार नोंदवून तेवढ्या वेळाचा दुप्पट दराने मोबदला मागू शकतो. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, मलाही नोकरीला लागण्यापूर्वी वाटले असते. पण माणसे कमी बोलवायची आणि उरलेले काम सुपरवायझरकडून फुकटात उरकून घ्यायचे, हा मोह व्यवस्थापनाला होतो म्हणूनच हे कलम लिहावे लागले. त्यात पिळवटला जातो तो खालच्या फळीचा सुपरवायझर. काम केले तर तक्रार, नाही केले तर गाड्या उशिरा सुटल्या म्हणून वरून बोलणी.

जानेवारी २०२४ मध्ये यूपीएसने १२,००० जागा कमी करण्याचे जाहीर केले, त्या प्रामुख्याने व्यवस्थापनातल्या आणि कार्यालयीन होत्या. ज्यांना कामगार मालकाची माणसे समजतात, त्यांच्या मागे उभे राहायला कोणी नव्हते.

जुना_लेखनिक

येथवरचे सर्व प्रतिसाद एकाच दिशेने जात आहेत, म्हणून विरुद्ध मत नोंदवतो.

पार्सलचा धंदा पैशा-पैशाच्या हिशेबावर चालतो. दिवसाला प्रत्येक ड्रायव्हरमागे एक मिनिट वाचले, तर वर्षाला सुमारे १.४५ कोटी डॉलर वाचतात, असे यूपीएसच्या एका अधिकाऱ्यानेच एकदा जाहीरपणे सांगितले होते. ज्या कंपनीचे एका मिनिटामागे एवढे पैसे गुंतलेले आहेत, तिने मिनिट मोजायचे नाही असे म्हणणे अवास्तव आहे. गाडीत संवेदक बसवल्यामुळे सीट-बेल्ट न लावता गाडी चालवणे आणि विनाकारण गाडी मागे घेणे कमी झाले. यात ड्रायव्हरचीही सुरक्षितता आहे. रस्ता ठरवणारी ओरायन ही प्रणाली २०१६ पर्यंत अमेरिकेत सर्वत्र लागू झाली आणि त्यामुळे वर्षाला १० कोटी मैल वाचतात असे कंपनीचे म्हणणे आहे.

दुसरे असे की २०२३ च्या करारानंतर स्वतः मुख्याधिकारी कॅरोल टोमे यांनी सांगितले की, कराराच्या अखेरीस सरासरी फुल-टाइम ड्रायव्हरवर वर्षाला सुमारे १,७०,००० डॉलर खर्च होईल. समोर ॲमेझॉन स्वतःच्या गाड्या रस्त्यावर आणत असताना हा खर्च पेलायचा कसा? पुढे काय झाले ते आपण पाहिलेच. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने ॲमेझॉनचा माल २०२६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून कमी करण्याचे ठरवले, एप्रिलमध्ये २०,००० जागा कमी करण्याचे आणि ७३ इमारती बंद करण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरमध्ये तर एकंदर कपात ४८,००० पर्यंत गेल्याचे सांगितले. युनियनने जिंकलेला पगार शेवटी नोकऱ्यांच्या संख्येतून वसूल झाला, असे मला वाटते.

उत्तररात्र

लेखनिकसाहेब, त्या १,७०,००० मध्ये आरोग्यविमा आणि पेन्शन धरलेले आहे आणि तो आकडा फक्त फुल-टाइम ड्रायव्हरचा आहे. जाहीर झाला तेव्हा तो पगार म्हणून सर्वत्र पसरला आणि पहाटे चार तास माल भरणाऱ्या मुलाला त्याचे नातेवाईक विचारू लागले की तुला एवढे पैसे मिळतात का.

ॲमेझॉनचा माल कमी करण्याचे कारणही मजुरी एवढे एकच नाही. त्या मालामुळे नफ्याचे प्रमाण खाली ओढले जाते, असे कंपनीनेच गुंतवणूकदारांना सांगितले. २०२४ मध्ये एकूण उत्पन्नाच्या ११.८ टक्के त्या एका ग्राहकाकडून आले होते. एकाच ग्राहकावर एवढे विसंबणे हा निर्णय कोणत्याही पहाटपाळीतल्या कामगाराने घेतलेला नव्हता.

भीमथडी

मी कामगार कायद्याचा अभ्यासक आहे. लेखनिक यांनी स्पर्धेचा मुद्दा काढला आहे, तो कायद्याच्या अंगाने पाहिल्याशिवाय नीट कळत नाही.

अमेरिकेत यूपीएसचे जमिनीवरचे कामगार सर्वसाधारण कामगार कायद्याखाली येतात. त्यामुळे एखाद्या इमारतीतल्या कामगारांनाही युनियन बनवता येते. फेडेक्स या प्रतिस्पर्धी कंपनीची हवाई पार्सलसेवा मात्र रेल्वे आणि विमान कंपन्यांसाठी केलेल्या जुन्या कायद्याखाली येते, आणि १९९६ साली संसदेने केलेल्या दुरुस्तीमुळे ती स्थिती आणखी पक्की झाली. त्या कायद्यात त्या प्रकारच्या कामगारांची देशभरातून एकत्र निवडणूक घ्यावी लागते आणि संपापूर्वी दीर्घ मध्यस्थी सक्तीची असते. गावोगावी विखुरलेल्या ड्रायव्हरना हे जमवणे किती अवघड असेल, याचा अंदाज यावा. फेडेक्सच्या वैमानिकांची युनियन आहे, ड्रायव्हरांची नाही, याचे मूळ इथे आहे.

फेडेक्स ग्राउंड या तिच्या जमिनीवरून पार्सल नेणाऱ्या शाखेने तर अनेक वर्षे ड्रायव्हर हे आपले नोकरच नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत, अशी भूमिका घेतली होती. गणवेश कंपनीचा, गाडीचा रंग कंपनीचा, कामाची पद्धत कंपनीची. पण गाडीचा खर्च आणि पेट्रोल ड्रायव्हरचे. कॅलिफोर्नियातल्या ड्रायव्हरनी त्यावर दावा लावला आणि २०१५ मध्ये २२.८ कोटी डॉलर देऊन कंपनीला तडजोड करावी लागली. ॲमेझॉनने २०१८ पासून याहून एक पायरी पुढची रचना केली. ड्रायव्हर एखाद्या छोट्या स्थानिक कंपनीचा नोकर असतो, पण त्या कंपनीला काम फक्त ॲमेझॉन देते. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेल येथील अशा एका कंपनीच्या ८४ ड्रायव्हरनी टीमस्टर्समध्ये प्रवेश केला, मालकाने युनियनला मान्यताही दिली, आणि ॲमेझॉनने मात्र हे आपले कामगार नाहीत असे सांगितले, आणि त्या कंपनीशी असलेला तिचा करारही संपला.

लेखनिक ज्याला स्पर्धा म्हणतात ती बऱ्याच अंशी या कायदेशीर रचनांमधली स्पर्धा आहे. एका कंपनीत व्यवस्थापन समोरासमोर बसते आणि त्याच्याशी भांडता येते. दुसरीकडे भांडायचे कोणाशी, हेच ठरवायला न्यायालयात जावे लागते. यूपीएसमधला तणाव मोठा दिसतो, याचे एक कारण असे की तिथे तो उघडपणे व्यक्त करण्याची सोय आहे.

केतकीवन

भीमथडी यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. तक्रारींची संख्या जास्त म्हणजे केंद्र वाईट, असे आमचे वरिष्ठ समजत. ज्या केंद्रात एकही तक्रार नोंदवली जात नाही, तिथे काय चालते हे मी पाहिलेले आहे.

सोनखडक

मी ॲरिझोनात फिनिक्सजवळ राहतो. आतापर्यंत कोणी उष्णतेविषयी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. जुलै २०२२ मध्ये इथून जवळच, स्कॉट्सडेलमध्ये, एका घराच्या दारावरील कॅमेऱ्यात यूपीएसचा ड्रायव्हर टिपला गेला. पारा ११० अंश फॅरनहाइटच्या घरात होता. तो पाकीट घेऊन दारापर्यंत आला, कोसळला, काही वेळ तसाच पडून राहिला, मग कसाबसा उठला, घंटी वाजवली आणि गाडीकडे परत गेला. घरमालकाने ती चित्रफीत प्रसिद्ध केली आणि देशभर गाजली. मला त्यातले सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले ते त्याचे घंटी वाजवणे. कोसळल्यानंतरही त्याने काम पूर्ण केले.

त्या गाड्यांचा मागचा भाग म्हणजे पत्र्याची बंद खोली असते आणि छत सूर्यप्रकाश आत यावा म्हणून अर्धपारदर्शक ठेवलेले असते. प्रत्येक थांब्याला ड्रायव्हर त्यात शिरून पार्सल शोधतो. वारंवार दार उघडत असल्यामुळे वातानुकूलनाचा उपयोग होणार नाही, अशी कंपनीची भूमिका अनेक वर्षे होती. २०२३ च्या करारात १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या गाड्यांमध्ये वातानुकूलन द्यायचे ठरले, आणि जुन्या गाड्यांना पंखे आणि मागच्या भागात हवा खेळण्याची सोय करायची ठरली. मात्र नवीन गाड्या यायला फार वेळ लागत असल्याची युनियनची तक्रार आहे, आणि आमच्या रस्त्यावर येणारी गाडी अजून जुनीच आहे. उन्हाळ्यात आम्ही दाराबाहेर बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या ठेवतो. लेखनिकसाहेब, ज्या व्यवस्थेला सीट-बेल्ट किती वेळ सुटला होता हे कळते, तिला मागच्या खोलीचे तापमान इतकी वर्षे मोजावेसे वाटले नाही, याचा आपण विचार करावा.

जुना_लेखनिक

सोनखडक, हा मुद्दा मला पटला. तापमानाची नोंद ठेवणे कंपनीला सहज शक्य होते आणि ती ठेवायला हवी होती. मोजणी असावी या मतावर मी ठाम आहे, परंतु ती दोन्ही बाजूंची असावी हे मान्य.

रानपाखरू

विषय अमेरिकेचा आहे, तरी एका बाबतीत आपल्याकडचा संबंध जवळचा आहे म्हणून लिहिते. मी भिवंडी परिसरातल्या गोदामांमध्ये कंत्राटी कामगारांच्या नोंदणीचे काम केले आहे. माल चढवणे आणि उतरवणे हे काम एका मालकाचे कधीच नसते. आज या ट्रकवर, उद्या त्या. म्हणून मालक कोण, हा भीमथडी यांनी मांडलेला प्रश्न महाराष्ट्रात फार आधी पुढे आला आणि अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात मालक बदलला तरी कामगार मंडळाकडे नोंदलेला राहतो. मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्केवारीची जादा रक्कम, मंडळाकडे भरतो आणि मंडळ त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय सोय पाहते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसाला मालक सापडत नसेल, तर मालकांनाच एका मंडळात आणायचे, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते.

ऑनलाइन खरेदीच्या गोदामांमध्ये मात्र ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी पोहोचलेली नाही. तिथला पोरगा कंत्राटदाराच्या पटावर असतो, लक्ष्य मात्र कंपनीच्या पडद्यावरून येते. कंत्राटदाराला विचारले तर तो पडद्याकडे बोट दाखवतो आणि कंपनीला विचारले तर ती कंत्राटदाराकडे. पामडेलची गोष्ट वाचताना मला हेच आठवले.

सागरगोटा

रानपाखरू, माथाडी मंडळाची ही बाजू माहीत नव्हती. आभार. यावर स्वतंत्र धागा काढावा. उत्तररात्र यांना एक प्रश्न: युनियन एवढी मोठी असताना पार्ट-टाइम कामगारांचे प्रश्न इतकी वर्षे मागे का पडले?

उत्तररात्र

प्रश्न रास्त आहे. युनियनच्या सभांना ड्रायव्हर येतात, कारण ती त्यांची आयुष्यभराची नोकरी असते. आतला कामगार वर्षभरात सोडून जातो किंवा पाळी संपली की दुसऱ्या नोकरीवर पळतो. जो सभेला येत नाही त्याच्या मागण्या यादीत खाली जातात.

पण ड्रायव्हरांच्या बाबतीतही नेतृत्व नेहमी सभासदांबरोबर राहिले असे नाही. २०१८ च्या करारात ड्रायव्हरांचा एक नवा, कमी दराचा वर्ग तयार करण्यात आला. काम जवळपास तेच, पगार कमी. मतदान करणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांनी तो करार फेटाळला. तरीही युनियनचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स हॉफा यांच्या नेतृत्वाने तो मंजूर ठरवला, कारण युनियनच्या घटनेत अशी तरतूद होती की निम्म्याहून कमी सभासदांनी मतदान केले, तर करार फेटाळायला दोन-तृतीयांश मते लागतात. यामुळे लोक इतके चिडले की २०२१ च्या अधिवेशनात ती तरतूदच काढून टाकण्यात आली आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत हॉफा यांच्या गटाचा पराभव करून शॉन ओ'ब्रायन निवडून आले. २०२३ मध्ये तो कमी दराचा वर्ग रद्द झाला आणि त्यातल्या ड्रायव्हरना पूर्ण दराच्या वर्गात घेतले गेले. सभासद आपल्याच नेत्यांवर रागावले नसते, तर कंपनीने आपणहून यातले काहीही केले नसते.

न्यूयॉर्कवासी

शिस्तीच्या कारवाईचा विषय राहिला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील यूपीएसच्या मास्पेथ केंद्रात एका जुन्या ड्रायव्हरला कामाच्या वेळेच्या वादावरून तडकाफडकी काढून टाकले गेले. त्याच्या समर्थनार्थ सुमारे २५० ड्रायव्हर सकाळी दीड तास काम थांबवून बाहेर उभे राहिले. कंपनीने त्या सर्व २५० जणांना बडतर्फीच्या नोटिसा दिल्या. त्यांतले कित्येक जण वीस-वीस वर्षे त्याच वस्तीत पार्सल पोहोचवत होते. शहरातील लोकप्रतिनिधींनी कंपनीला शहराकडून मिळणाऱ्या सवलतींची आठवण करून दिली, ग्राहकांनी सह्या गोळा केल्या, आणि एप्रिलमध्ये बडतर्फी मागे घेऊन काही दिवसांच्या निलंबनावर प्रकरण मिटले.

दीड तासाच्या बहिष्काराला २५० नोकऱ्यांची किंमत लावणाऱ्या व्यवस्थापनाला आपल्या लोकांविषयी नेमके काय वाटत होते, हे मला आजही समजत नाही. ग्राहकांना मात्र आपला ड्रायव्हर कोण हे ठाऊक होते.

देवराई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढी सविस्तर चर्चा होईल असे वाटले नव्हते. मूळ प्रश्नाकडे परत येतो.

माप कसे बिघडते ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे एका मार्गावर चार मजली जुन्या इमारती आहेत, लिफ्ट नाही. प्रमाण ठरवताना निवासी थांबा म्हणून जी वेळ धरली जाते, तीत रस्त्यापासून दारापर्यंतचे सरासरी अंतर असते, जिने नसतात. नियमानुसार अशा मार्गाचा नव्याने अभ्यास करून वाढीव वेळ द्यायला हवा. पण अभ्यास मागण्याचा अधिकार केंद्रप्रमुखाला आहे, ड्रायव्हरला नाही, आणि केंद्रप्रमुख तो मागत नाही, कारण वाढीव वेळ म्हणजे त्याच्या केंद्राचा नियोजित खर्च वाढणार. तो ड्रायव्हर रोज सव्वा तास उशिरा ठरतो. सुपरवायझर त्याच्या बाजूला बसून फेरी करतो, त्या दिवशी तोही जिने चढतो, घामाघूम होतो, आणि संध्याकाळी ड्रायव्हरला सुधारणेस वाव आहे असे लिहून देतो, कारण अर्जात जिन्यांसाठी रकानाच नाही. केतकीवन यांनी लिहिलेली सुपरवायझरची कोंडी यातही दिसते.

यूपीएसच्या करारात यावर काही बंधने आली आहेत, ती मला महत्त्वाची वाटतात. ड्रायव्हरच्या दिशेने रोखलेला कॅमेरा गाडीत बसवायचा नाही. साडेनऊ तासांपेक्षा जास्त काम नको असलेल्या ड्रायव्हरला यादीत नाव नोंदवता येते आणि त्यानंतरही वारंवार जास्त काम दिले, तर दंडाची रक्कम मागता येते. सुटीच्या दिवशी सक्तीने बोलावण्यालाही २०२३ मध्ये चाप बसला. या तिन्ही तरतुदी मापाचा वापर कसा करायचा यावर मर्यादा घालतात. माप कसे घ्यायचे, हे मात्र अजून एकट्या व्यवस्थापनाच्या हातात आहे. मार्गाचा पुन्हा अभ्यास करण्याची मागणी ड्रायव्हरला थेट करता यावी, अभ्यासाच्या वेळी युनियनचा प्रतिनिधी बरोबर असावा आणि आकडे कसे काढले ते त्याला कागदावर मिळावे, एवढे तरी व्हायला हवे असे माझे म्हणणे आहे. हीच सूचना मी आमच्या विभागात लेखी दिली आहे.

आणखी एक. यूपीएसमध्ये फार मोठा काळ वरच्या पदावर खालून चढत गेलेली माणसेच असत. २०२० मध्ये टोमे आल्या, त्या कंपनीबाहेरून आलेल्या पहिल्या मुख्याधिकारी. मी त्यांच्या योग्यतेविषयी बोलत नाही. पण ज्याने कधीतरी स्वतः गाडी भरली आहे, तो आकडा पाहताना त्यामागचा जिनाही पाहतो, असा माझा अनुभव आहे.

जुना_लेखनिक

देवराई, आपल्या सूचनेला माझा पाठिंबा आहे, एका अटीवर. मार्गाचा अभ्यास मागितल्यावर वेळ कमी करावा लागेल असे निघाले, तर तेही ड्रायव्हरने स्वीकारावे.

देवराई

मान्य. कामगारांनाही ते मान्य होईल, अभ्यास त्यांच्यासमोर झाला तर.

केतकीवन

खालून चढण्याच्या मुद्द्याला थोडी पुस्ती जोडते. आमच्या केंद्रातले सर्वांत कठोर सुपरवायझर पूर्वाश्रमीचे ड्रायव्हरच होते. मी केले तर तू का नाही, असे ते म्हणत. तेव्हा अनुभव असला म्हणजे कळवळा येतोच असे नाही. पण त्यांच्याशी वाद घालता येई, कारण कोणती गल्ली कुठे आहे हे त्यांना माहीत असे.

उत्तररात्र

आता लक्ष ३१ जुलै २०२८ कडे आहे, त्या दिवशी सध्याचा करार संपतो. २०२३ च्या करारात ७,५०० नव्या पूर्णवेळ जागा निर्माण करण्याचे आणि २२,५०० रिकाम्या जागा भरण्याचे कंपनीने कबूल केले होते. २०२५ च्या उन्हाळ्यात तिने ड्रायव्हरनाच स्वेच्छेने नोकरी सोडण्यासाठी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १,८०० डॉलर, किमान १०,००० डॉलर, देऊ केले. युनियनने हा कराराचा भंग असल्याचे सांगून सभासदांना ते नाकारण्याचे आवाहन केले, तरी काही जणांनी पैसे घेतले. त्यांना मी दोष देत नाही. गुडघे गेलेल्या माणसाला ती रक्कम दिसणारच.

देवराई यांची सूचना २०२८ च्या मागण्यांमध्ये यायची असेल, तर ती स्थानिक शाखांच्या सभांमध्ये बरीच आधी मांडली गेली पाहिजे. माझे काही जुने सहकारी आता अशा शाखांमध्ये आहेत. देवराई, त्या मार्ग-अभ्यासाचा नमुना कंपनीचे नाव आणि आकडे वगळून लिहून दिलात, तर मी तो त्यांच्यापर्यंत पोहोचवतो. आतल्या कामगारांच्या पट्ट्याच्या वेगाची नोंदही त्यात असावी, एवढेच.

देवराई

जरूर. पट्टा थांबल्याच्या वेळेचा रकाना पहिलाच घालतो. या आठवड्याच्या अखेरीस व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.